एका व्होल्टमधले चित्र

मुंबई दूरदर्शनचे प्रसारण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पडद्यावरील चित्र स्थिर व स्वच्छ राहावे, यासाठी अशा केंद्रांत चित्रसंदेशाची सतत तपासणी करणे भाग असते. ६२५ रेषांच्या पद्धतीत सेकंदाला २५ पूर्ण चित्रे, म्हणजे १५,६२५ रेषा उमटतात आणि एका रेषेच्या वाट्याला अवघे ६४ मायक्रोसेकंद येतात. केबलमधला हा संदेश एकूण एक व्होल्टचा असतो, त्यातील ०.३ व्होल्ट रेषांचा ताळमेळ राखणाऱ्या सिंक स्पंदासाठी आणि ०.७ व्होल्ट काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांसाठी असतात.

ही तपासणी करण्यासाठी संदेशाचा आलेख दाखवणाऱ्या जुन्या वेव्हफॉर्म मॉनिटरमधील इलेक्ट्रॉन शलाका वरखाली वळवण्यास कितीतरी अधिक व्होल्टेज लागते आणि ते पुरवणारे मंडल म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, अर्थात विवर्धक. त्याने सर्व वारंवारता सारख्याच प्रमाणात वाढवल्या पाहिजेत, कारण सुमारे ५० लाख हर्ट्‌झपर्यंतचा बारीक तपशील क्षीण झाल्यास दोष संदेशाचा की उपकरणाचा, हे कळत नाही. म्हणून बाहेर पडणाऱ्या संदेशाचा काही अंश उलटा करून आत परत देतात. या ऋण पुनर्भरणाने वर्धन घटते, पण अचूकता वाढते.

संदेश पुढे पाठवताना वर्धन मुद्दाम दुप्पट ठेवतात, कारण ७५ ओहमच्या केबलच्या दोन्ही टोकांना तेवढ्याच ओहमचे रोधक असल्याने दोन व्होल्टचे निम्मे होऊन नेमका एक व्होल्ट पोहोचतो आणि चित्राशेजारी सावली उमटवणारे परावर्तनही शमते.