कौलारू घराचं धुराडं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत उन्हाळा संपत आला की शाकारणीची घाई सुरू होते. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या, वाशांवरची जळमटं झाडायची आणि पहिल्या पावसाआधी छप्पर पुन्हा घट्ट करायचं. या कामात एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे चुलीपासून छपराबाहेर गेलेलं धुराडं. शाकारणाऱ्याच्या मते ते चुलीचं काम आणि चूल लिंपणारीच्या मते छपराचं. मग आषाढात चुलीमागची भिंत तपकिरी ओघळांनी भरते, स्वयंपाकघरात धूर कोंडतो आणि दोष चुलीला किंवा ओल्या सरपणाला दिला जातो.

डोळखांब-किन्हवलीपासून टोकावडे-धसईपर्यंतच्या जुन्या घरांत आज जी धुराडी दिसतात, त्यांतली बरीचशी सुधारित चुलींबरोबर आलेल्या पाइपांची आहेत. केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम 1980च्या दशकात सुरू झाला आणि 2002मध्ये बंद झाला. देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘आरती’ संस्थेची साच्यातून घालायची ‘लक्ष्मी’ चूल अनेकांच्या ओळखीची आहे. चूल मातीची, म्हणून ती घरच्या घरी पुन्हा लिंपता येते. पाइपाची देखभाल मात्र कोणाकडेच सोपवलेली नव्हती. त्यामुळे धुराड्याबद्दल ऐकीव गोष्टीच जास्त पसरल्या. त्यांतल्या नेहमीच्या काही तपासून पाहू.

गैरसमज: कौलारू घराला धुराडं लागतच नाही, धूर कौलांच्या फटींतून जातो.

वस्तुस्थिती: नळीच्या कौलांच्या छपरातून बराच धूर झिरपून जायचा, हे खरं आहे. मंगलोरी कौलं मात्र एकमेकांत खाचेनं अडकतात. बासेल मिशननं 1865मध्ये मंगळूरला ती बनवायला सुरुवात केली. त्यांचं छप्पर घट्ट बसतं. त्यात आता माकडांनी कौलं फोडली की खालून प्लॅस्टिकचा कागद किंवा वरून पत्रा टाकायची पद्धत पडली आहे. म्हणजे उरल्यासुरल्या फटीही बुजल्या. धूर वर जाऊन थंडावतो आणि भाकरी थापणारीच्या नाकातोंडाशी उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते घरातल्या हवेत चोवीस तासांच्या सरासरीनं दर घनमीटरला 15 मायक्रोग्रॅमहून जास्त सूक्ष्म कण नसावेत. उघड्या चुलीशी हा आकडा कित्येक पटींनी ओलांडला जातो. घरातल्या धुरामुळे 2020मध्ये जगभरात सुमारे 32 लाख मृत्यू झाल्याचा याच संघटनेचा अंदाज आहे.

गैरसमज: धुरानं लाकूड टिकतं, म्हणून धूर घरात राहिलेलाच बरा.

वस्तुस्थिती: हा समज निम्मा खरा आहे, म्हणूनच तो इतका टिकला. माळ्यावर टांगलेली बियाण्याची कणसं धुरामुळे भुंग्यापासून वाचतात. वाशांनाही वरून लागणाऱ्या किडीपासून थोडं संरक्षण मिळतं. पण वाळवी वरून येत नाही. ती जमिनीतून निघते आणि भिंतीच्या कडेनं मातीचे बोगदे करत खांबातून चढते. धुरानं काळंभोर झालेला वासा आतून पोखरलेला असला तरी बाहेरून दणकट दिसतो. म्हणून शाकारणीच्या वेळी दाभण किंवा स्क्रू ड्रायव्हर घेऊन तीन ठिकाणी टोचून पाहावं: खांबाचा बुंधा, वाशाचं वळचणीकडचं टोक आणि धुराड्याजवळची रीप. टोक सहज आत गेलं तर ते लाकूड बदलायला झालं आहे.

गैरसमज: पाइप जितका रुंद, तितका धूर चांगला ओढला जातो.

वस्तुस्थिती: धूर वर चढतो तो गरम आणि म्हणून हलका असल्यामुळे. धुराड्याची ओढ दोन गोष्टींवर ठरते: पाइपाची उंची आणि आतला धूर बाहेरच्या हवेपेक्षा किती गरम आहे. घरगुती चुलीला साधारण तीन इंचांचा पाइप पुरतो. त्याजागी सहा इंचांचा बसवला तर तेवढ्याशा जाळाचा धूर त्यात रेंगाळतो, थंड होतो आणि ओढ कमी होते. पाइपाला आडवी वळणं दिली तरी तेच होतं.

तोंड कुठे उघडतं हेही महत्त्वाचं. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा आढ्यावरून उसळी घेऊन पलीकडच्या उतारावर भोवरा करतो. पाइपाचं तोंड आढ्याच्या खाली राहिलं तर हा भोवरा धूर उलटा आत ढकलतो. पाइपाचं तोंड तीन मीटरच्या आतल्या छपराच्या कुठल्याही भागापेक्षा किमान दोन फूट उंच असावं, हा सर्वसाधारण नियम आहे. पावसासाठी बसवलेली टोपीही तोंडाला चिकटलेली नको. टोपी आणि तोंड यांत निदान पाइपाच्या रुंदीएवढी मोकळी जागा हवी.

गैरसमज: धूर परत फिरू लागला म्हणजे चूल बिघडली.

वस्तुस्थिती: कालपर्यंत नीट चालणारी चूल अचानक धुमसायला लागली तर आधी पाइप पाहावा. त्यासाठी कारागीर लागत नाही. चूल गार असताना, दुपारचं ऊन डोक्यावर आलं की पाइपाच्या खालच्या तोंडाशी आरशाचा तुकडा तिरका धरावा. सरळ पाइप असेल तर आरशात आकाशाचा गोल दिसतो. गोल पूर्ण दिसला तर पाइप मोकळा. कडा खाल्ल्यासारखा दिसला तर काजळी साचली आहे. दिसलाच नाही तर घरटं किंवा गांधीलमाशांचं पोळं असण्याची शक्यता जास्त. मग आत काठी घालण्याची घाई करू नये.

दुसरी परीक्षा उदबत्तीची. चुलीत थोडा जाळ करून पेटलेली उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरावी. उदबत्तीचा धूर आत ओढला गेला तर ओढ ठीक आहे. मग तीच उदबत्ती पाइपाच्या प्रत्येक सांध्यावरून फिरवावी. जिथे धुराची रेघ थरथरते किंवा आत शोषली जाते, तिथे सांधा सुटला आहे.

काजळी काढायला बांबूच्या टोकाला काथ्याचा किंवा तारेचा बोळा बांधून पाइप वरून खाली घासावा. खाली चुलीच्या भोकाला ओलं फडकं लावावं, म्हणजे काजळी घरभर उडत नाही. चूल रोज पेटत असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी हे करावं. ओलं सरपण जाळणाऱ्या घरात आणखी लवकर. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकतं. ते वाफ होऊन थंड पाइपाला लागतं आणि धुरातल्या डांबरासकट चिकटून बसतं.

गैरसमज: चुलीच्या धुराड्याला कुठली आग लागते!

वस्तुस्थिती: हे साचलेलं डांबर जळाऊ असतं. लग्नाकार्यात किंवा भात उकडताना जाळ नेहमीपेक्षा मोठा झाला की ते आतल्या आत पेट घेऊ शकतं. पाइप लाकडी रिपेला टेकलेला असेल तर धोका वाढतो. वर्षानुवर्षं तापून काळं पडलेलं लाकूड ताज्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेतं. म्हणून पाइप जिथून छप्पर पार करतो तिथली रीप कापून दोन्ही बाजूंना आडवी पट्टी द्यावी आणि पाइपाभोवती मोकळी जागा ठेवावी. त्याच्या आसपास माळ्यावर पेंढा, गोणपाट किंवा प्लॅस्टिकचा कागद ठेवू नये.

गैरसमज: धुराड्याजवळ गळतं म्हणजे कौल फुटलं. सिमेंट भरलं की थांबेल.

वस्तुस्थिती: आधी ओघळ ओळखावा. गढूळ, मातकट ओघळ असेल तर पाणी पाइपाच्या बाहेरून, कौलाच्या भोकातून येत आहे. तपकिरी, चिकट आणि धुराचा वास मारणारा असेल तर ते पाइपाच्या आतलं डांबरपाणी सांध्यातून झिरपत आहे. पहिल्याचा इलाज छपरावर, दुसऱ्याचा सांध्यावर.

छपरावरच्या भोकात सिमेंट भरण्याचा उपाय एखादा पावसाळा चालतो. पाइप चूल पेटली की तापून फुगतो, विझली की आकसतो. सिमेंट तसं हलत नाही, त्यामुळे दोघांत केसाएवढी भेग पडते. साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या भागात केसाएवढी भेगही पुरे होते. खात्रीचा इलाज पत्र्याचा आहे. पाइपाच्या मापाचं भोक पाडलेला पत्रा असा बसवायचा, की त्याची वरची कड वरच्या ओळीतल्या कौलांखाली जाईल आणि खालची कड खालच्या ओळीतल्या कौलांवर येईल. पाणी वरच्या कौलावरून पत्र्यावर, पत्र्यावरून खालच्या कौलावर असं वाहत गेलं पाहिजे. त्याच्या वर पाइपालाच पत्र्याची छोटी छत्री आवळून बसवावी. ती पाइपावरून उतरणारं पाणी भोकाबाहेर टाकते.

आतून झिरपणाऱ्या सांध्यात वरचा पाइप खालच्या पाइपाच्या आत बसला आहे ना, हे पाहावं. उलटा जोड असेल तर डांबरपाणी बाहेर येणारच. पातळ पत्र्याचा पाइप असेल तर तो टिचकी मारून पाहावा. धुरातल्या आम्लानं तो आतून गंजतो आणि बाहेरचा रंग शाबूत असतानाही चाळणी झालेला असतो.

गैरसमज: मातीपेक्षा सिमेंटचं लिंपण केव्हाही पक्कं.

वस्तुस्थिती: चूल आणि पाइप यांचा जोड, तसंच चुलीमागची मातीची किंवा कारवीच्या कुडाची भिंत, यांना सिमेंट मानवत नाही. आचेनं सिमेंट तडकतं. मातीच्या भिंतीवर त्याचा कडक थर बसला की आतली ओल बाहेर पडत नाही आणि थोड्याच वर्षांत सिमेंटचा पापुद्रा मातीसकट सुटतो. भेग खरवडून मोकळी करावी, ओल्या हातानं पुसावी आणि मातीनंच भरावी. माती चाळून, भाताचं तूस आणि शेण घालून मळावी, एक-दोन दिवस मुरू द्यावी. वारुळाची माती मिळाली तर उत्तम. एकदम जाड गोळा न थापता पातळ थर द्यावेत. सावलीत वाळू द्यावं आणि पूर्ण सुकेपर्यंत चूल पेटवू नये.

भिंतीची तिरकी, वर जाताना रुंदावणारी किंवा दर पावसाळ्यात वाढणारी भेग मात्र लिंपून झाकायची नसते. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलनं खुणा करून तारीख लिहावी. खुणांमधलं अंतर वाढत असेल तर दोष पायात किंवा खांबात आहे. तिथे जाणत्या गवंड्याला किंवा अभियंत्याला बोलवावं.

गैरसमज: जुना सिमेंटचा पाइप फोडून टाकला की झालं.

वस्तुस्थिती: गावात ज्याला सिमेंटचा पाइप म्हणतात, तो बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेल्या सिमेंटचा असतो. शाबूत असताना त्याचा फारसा त्रास नाही. तो फोडला, घासला किंवा ग्राइंडरनं कापला की त्याचे अतिसूक्ष्म तंतू हवेत उडतात. ते फुप्फुसात गेले तर अनेक वर्षांनी कर्करोगासारखे आजार होऊ शकतात. असा पाइप काढायचाच असेल तर पाणी मारून ओला ठेवावा, अख्खा उतरवावा आणि जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावा. तुकडे सांडले तर कोरड्या केरसुणीनं न झाडता ओल्या फडक्यानं उचलावेत. पोरांना लांब ठेवावं. त्याचे तुकडे अंगणात भर म्हणून टाकू नयेत.

गैरसमज: धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही.

वस्तुस्थिती: धगधगते निखारे धूर करत नाहीत, पण कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला रंग नाही, वास नाही. पौषाच्या थंडीत दारं-खिडक्या लावून खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपणं जिवावर बेतू शकतं. धुराडं तुंबलेल्या चुलीतले निखारे रात्रभर तसेच ठेवणंही धोक्याचं. घरातल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर आधी सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यावं आणि दवाखाना गाठावा.

गैरसमज: गॅस आला, आता धुराड्याचं काम संपलं.

वस्तुस्थिती: उज्ज्वला योजना 2016मध्ये सुरू झाली आणि गॅस गावोगाव पोहोचला. तरी अंघोळीचं पाणी, भाकरी आणि पाहुणेरावळे यांसाठी चूल पेटतेच. कधीमधी पेटणाऱ्या चुलीचं धुराडं तर जास्त तपासावं लागतं, कारण मधल्या काळात त्यात पक्षी घर करतात. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा चूल पेटवण्याआधी आरशाची परीक्षा करावी. चूल कायमची बंद केली असेल तर पाइप तसाच उभा ठेवणं म्हणजे छपराला उघडं भोक ठेवणं. तो अख्खा उतरवून त्या जागी कौल बसवावं. लगेच जमत नसेल तर वरचं तोंड निदान टोपीनं बंद करावं.

यातलं बहुतेक काम शाकारणीच्या दिवशी, शिडी लावलेली आणि कौलं उतरवलेली असतानाच उरकतं. पावसाळ्यात ओल्या, शेवाळलेल्या कौलांवर त्याच कामासाठी चढणं धोक्याचं असतं. म्हणून शाकारणाऱ्याशी मजुरी ठरवतानाच धुराडं घासणं, सांधे पाहणं आणि पत्रा बसवणं ही तीन कामं त्यात धरावीत.