वॉटर पंप बदलायचा, पण कधी?

गाडी अजूनही देखणी दिसते. लाल रंगाची चमक टिकून आहे, बटण दाबताच बोनेटमधून हेडलाइट डोळे उघडावेत तसे वर येतात आणि चावी फिरवली की इंजिन लगेच सुरू होते. विकणारा सांगतो, "काहीही काम नाही, फक्त चालवायची." पण बिलांची फाइल मागितली की तो विषय बदलतो. युरोप-अमेरिकेत जुनी पोर्शे ९४४ घ्यायला निघालेल्यांना हा अनुभव नवा नाही. जाणकार गिऱ्हाईक अशा वेळी रंगाकडे किंवा सीटकडे नंतर बघतो. त्याचा पहिला प्रश्न असतो, "टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप शेवटचे कधी बदलले?"

एवढ्याशा पंपाची इतकी चौकशी कशाला, असे कुणालाही वाटेल. पंप म्हणजे तरी काय? एक दांडा, त्याला धरून ठेवणारे बेअरिंग, पाणी अडवणारे सील आणि टोकाला पात्यांचे चक्र. इंजिनाच्या भिंतींमधल्या पोकळीतले तापलेले पाणी हे चक्र ढकलते, ते रेडिएटरमध्ये निवते आणि परत येते. गाडी चालू आहे तोवर हे अखंड चालते. पंप थांबला की थोड्याच मिनिटांत टेंपरेचरचा काटा लाल रेघेकडे सरकू लागतो.

आपल्याकडे हे दृश्य एका पिढीने भरपूर पाहिले आहे. खंडाळ्याच्या घाटात बोनेट उघडून वाफा सोडत उभ्या असलेल्या अँबॅसेडर आणि पद्मिनी आठवा. या गाड्यांत पंप इंजिनाच्या तोंडाशीच असे, फॅन बेल्टवर फिरे आणि त्याच्याच दांड्यावर पंखा बसवलेला असे. पंप गळू लागला तर बोनेट उघडताच दिसे. वेळीच थांबले, गाडी निवू दिली, पाणी ओतले की मजल दरमजल करत गॅरेज गाठता येई. अशा गाडीत पंप कुरकुरू लागेपर्यंत वाट पाहणे हा शहाणपणाचाच हिशेब होता.

पोर्शे ९४४ मध्ये नेमका हाच हिशेब अंगाशी येतो.

एका पट्ट्यावर दोन कामे

१९८२ ते १९९१ या काळात विकली गेलेली ही गाडी जर्मनीत नेकारझुल्म येथील ऑडीच्या कारखान्यात जोडली जाई. पुढच्या बाजूला चार सिलिंडरचे इंजिन, सुरुवातीला अडीच लिटरचे. या इंजिनात वॉटर पंप वेगळ्या फॅन बेल्टवर चालत नाही. व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या चालीशी जुळवून ठेवणारा जो रबरी टायमिंग बेल्ट असतो, तोच जाता जाता पंपही फिरवतो.

समजा, पंपाचे बेअरिंग अडकले. पट्टा तुटतो किंवा दात सोडतो. व्हॉल्व्हची हालचाल थांबते, पण पिस्टन वेगात वर येतच राहतात आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावे लागते. हे सारे क्षणात घडते. गाडी बाजूला घेऊन पाणी ओतण्याची सवड मिळत नाही. दुसरा मार्ग सावकाशीचा, पण तितकाच वाईट. सीलमधून झिरपणारे कूलंट पट्ट्यावर उडत राहते आणि पट्ट्याचे आयुष्य घटवते. ही गाडी स्वस्तात मिळे त्या काळात असा दुरुस्तीखर्च कित्येकदा गाडीच्या किमतीच्या पुढे जाई. चांगल्या अंगाच्या कितीतरी ९४४ केवळ या कारणाने भंगारात निघाल्या.

म्हणून या गाडीचा पंप कुरबुरीवर नव्हे, तर कॅलेंडरवर बदलायचा. टायमिंग बेल्टची मुदत साधारणपणे तीस ते पंचेचाळीस हजार मैल, म्हणजे ४८ ते ७२ हजार किलोमीटर किंवा चार-पाच वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, अशी धरतात. पंपापर्यंत पोहोचायला इंजिनाची पुढची बाजू मोकळी करावीच लागते, पट्टा काढावाच लागतो. खरी मजुरी त्यातच जाते. त्यामुळे दर दुसऱ्या पट्ट्याबरोबर पंप बदलण्याचा जुन्या मेकॅनिकांचा प्रघात रास्त वाटतो. काही मालक दर वेळी बदलतात. चांगला, घट्ट पंप फेकून देणे ही जरा उधळपट्टीच. मात्र आधीची बिले नसतील तर चर्चाच नको. पट्टा, पंप, ताण देणारे रोलर, सगळे लगेच बदलावे आणि तोवर गाडी फिरवू नये. सौदा करताना हा खर्च किमतीतून वजा करायचा.

उभी गाडीही झिजते

अशा गाड्या चालतात कमी, उभ्याच जास्त राहतात. मालकाला वाटते, "वर्षाला हजार किलोमीटर तर होतात, पंपाला काय होणार?" पण रबर वयाने कडक होते. कूलंटमधली गंजरोधक रसायने काही वर्षांत निष्प्रभ होतात आणि मग लोखंड-अ‍ॅल्युमिनियमला आतून कीड लागते. महिनोन् महिने न हललेले सील सुरू करताच झिरपू लागते. मीटरवरचे आकडे इथे फसवे ठरतात.

मुदतीच्या आधी पंपाने इशारा दिला तर अर्थातच थांबू नये. सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. सील फुटले की पाणी आधी तिथून बाहेर येते. गाडीखाली पुढच्या बाजूला थेंब, पंपाभोवती वाळलेल्या कूलंटची पांढरट किंवा रंगीत खपली, वारंवार कमी होणारी पातळी, इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी घरघर, यांपैकी एकही खूण पुरेशी आहे. पातळी बघायची ती इंजिन पूर्ण थंड असताना. गरम गाडीचे झाकण उघडून हात भाजून घेणारे काही कमी नाहीत.

सगळ्याच स्पोर्ट्स कार इतक्या निष्ठुर नसतात. जपानच्या माझदा एमएक्स-५ मध्ये पंप बाहेरच्या पट्ट्यावर फिरतो, आणि सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनात टायमिंग बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हला भिडत नाहीत. गाडी रस्त्यात बंद पडेल, इंजिन वाचेल. तिथेही पंप काढायला टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो, म्हणून दोन्ही कामे एकत्र करतात. पण तो काटकसरीचा प्रश्न आहे, जिवावरचा नाही. तेव्हा कोणतीही जुनी गाडी घेताना मेकॅनिकला आधी विचारावे, पंप कोणत्या पट्ट्यावर चालतो, आणि तो पट्टा तुटला तर व्हॉल्व्हचे काय होते?

पंप शक्यतो कोरा घ्यावा. जुन्याच अंगात नवे सील-बेअरिंग घालून विकले जाणारे पंप स्वस्त पडतात, पण आतली भिंत खड्डे पडलेली असेल तर त्यात अर्थ नसतो. बोल्ट काढताना घाई नको. अ‍ॅल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षे गंजून बसलेला बोल्ट मोडला की एका दिवसाचे काम आठवड्यावर जाते. नवे कूलंट भरताना आत अडकलेली हवा वरच्या स्क्रूने सोडून द्यावी, नाहीतर नव्या पंपानेही गाडी तापते. सुरुवातीच्या ९४४ मध्ये पट्ट्याचा ताण दोनेक हजार मैलांनी पुन्हा तपासून घ्यावा लागतो. आणि बदलल्याची तारीख व मीटरचा आकडा लिहून बोनेटखाली चिकटवून ठेवावा. पुढचा गिऱ्हाईक तेच विचारणार आहे.