बऱ्हाणपूर : दख्खनच्या दारातले पाणी

भुसावळ सोडून गाडी खंडव्याकडे निघाली की तासाभराच्या आत बऱ्हाणपूर येते. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग आणि लालबागचा फलाट. दिल्ली, वाराणसी, पाटण्याकडे जाणारे बहुतेक मराठी प्रवासी इथे उतरत नाहीत. जुने शहर फलाटावरून दिसतही नाही, ते काही किलोमीटर आत, तापीच्या उत्तर काठावर वसलेले आहे. दोन-सव्वादोन लाख वस्तीचे हे गाव महाराष्ट्राच्या इतके जवळ असूनही आपल्या सहलींच्या यादीत क्वचितच असते. एके काळी मात्र या गावाला टाळून कुणालाही दख्खनेत पाऊल टाकता येत नव्हते.

सातपुड्याच्या रांगेत असीरगढाजवळ एक खिंड आहे. उत्तरेकडून येणारी फौज, व्यापाऱ्यांचे तांडे, फकीर, यात्रेकरू सगळे या खिंडीतून उतरत आणि तापीच्या उतारावर थांबत. १४०० च्या सुमारास फारुकी घराण्याच्या नासीर खानाने ही जागा हेरली आणि नगर वसवले. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याने नगराला दिले. या संतांची कबर आपल्या खुलताबादेत आहे. समोरच्या काठावरच्या जैनाबादला त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांचे नाव मिळाले. पुढची दोनशे वर्षे बऱ्हाणपूर ही खानदेशाची राजधानी होती. १६०१ मध्ये अकबराने असीरगढ जिंकला, फारुकींचे राज्य संपले आणि बऱ्हाणपूर मोगलांच्या दख्खन मोहिमांचे ठाणे बनले.

पर्यटक इथे येतात ते बहुधा मुमताज महलसाठी. तिचा मृत्यू या गावात झाला. पण बऱ्हाणपूर समजून घ्यायचे असेल तर आधी जमिनीखाली उतरावे, कारण या शहराचे सर्वांत मोठे बांधकाम वर दिसतच नाही.

लालबागच्या बाजूला उघड्या माळावर ओळीने विहिरींचे गोल कठडे दिसतात. एकापासून दुसरा ठरावीक अंतरावर, आणि ओळ सातपुड्याच्या दिशेने जाणारी. हाच कुंडी भंडारा. त्याला खुनी भंडाराही म्हणतात. एका कुंडीत पर्यटकांसाठी लिफ्ट बसवली आहे. तिने सुमारे ८० फूट खाली उतरले की उन्हाळ्यातही अंगावर गारवा येतो. समोर माणूस उभा राहून चालू शकेल असा बोगदा आहे आणि त्यातून नितळ पाणी वाहते. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचलेले आहेत, काही ठिकाणी ते बोटांनी चाचपता येतील इतके जाड आणि खडबडीत. वरच्या कुंड्यांच्या तोंडातून उजेडाचे गोल कवडसे थोड्या थोड्या अंतरावर पाण्यात पडतात. पंप नाही, मोट नाही, रहाट नाही. पाणी आपल्या उतारानेच गावाकडे चालले आहे.

ही योजना जहांगीरच्या काळात, १६१५ च्या सुमारास उभी राहिली. त्या वेळी बऱ्हाणपूरचा कारभार अब्दुर्रहीम खानखानान यांच्याकडे होता, म्हणजे ज्यांचे दोहे आपण शाळेत शिकलो त्या रहीमांकडे. आखणीचे श्रेय तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराला दिले जाते. सातपुड्यावर पडलेले पावसाचे पाणी मुरून जमिनीखालून तापीकडे सरकते. पायथ्याशी गोटे, वाळू आणि मुरमाचा जाड पट्टा आहे, तो पाणी झटकन पितो आणि पोटात धरून ठेवतो. तापीकडे निघालेले हे पाणी मध्येच अडवायचे, शंभराहून अधिक कुंड्या खोदायच्या, त्या बोगद्याने एकमेकींना जोडायच्या आणि बोगद्याला अगदी मंद उतार द्यायचा, अशी ही रचना. कुंड्यांमधून हवा खेळते, गाळ काढता येतो आणि वरून पाणीही शेंदता येते. हा मार्ग जवळजवळ चार किलोमीटरचा आहे. पुढे पाणी जाली कारंज येथे गोळा होऊन शहरात वाटले जाई. असे एकूण आठ भंडारे बांधले होते. मूल भंडारा, सुखा भंडारा आणि चिंताहरण भंडारा ही त्यांतली जाणत्यांच्या तोंडी असलेली नावे.

नदी दाराशी असताना एवढा खटाटोप कशासाठी? बऱ्हाणपूरच्या घाटावर उभे राहिले की उत्तर मिळते. तापीचे पात्र खोल आहे आणि शहर उंच काठावर आहे. एवढ्या मोठ्या छावणीला पुरेल इतके पाणी रोज वर चढवणे अवघड होते. शिवाय युद्धाच्या काळात उघड्या नदीवर भरवसा ठेवता येत नाही, जमिनीखालचे पाणी शत्रूला अडवणे कठीण.

इराणात अशा भूमिगत कालव्यांना कनात म्हणतात आणि तिथल्या कनातींना २०१६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आपल्याकडे मात्र याला जोड शोधायला इतके लांब जायला नको. साधारण याच काळात निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, नहरींचे जाळे घातले. मलिक अंबर आणि बऱ्हाणपूरचे मोगल सुभेदार हाडवैरी. खानखानानांचा मुलगा शाहनवाज खान १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला अंबरशी लढला. रणांगणावर एकमेकांसमोर उभे ठाकलेले हे दोन पक्ष आपापल्या शहरांत एकच विद्या वापरत होते. शाहनवाज खानाची काळ्या दगडातली कबर बऱ्हाणपूरजवळ उतावली नदीकाठी आहे.

आता मुमताजकडे वळू. मोगल सरदार खानजहान लोदीचे बंड मोडायला शाहजहान १६३० मध्ये दख्खनेत आला आणि त्याने बऱ्हाणपूरला मुक्काम केला. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताजचा मृत्यू झाला. तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात तिला दफन केले गेले. डिसेंबरात तिचे शव आग्र्याला हलवले. आहुखान्याची आज बरीच पडझड झाली आहे. तापीकाठच्या शाही किल्ल्यातले हमाम मात्र पाहावेच. गरम आणि थंड पाण्याची सोय असलेले हे स्नानगृह, छतावर नाजूक रंगीत नक्षी. तीच वर्षे दख्खनमधल्या भीषण दुष्काळाची होती. महालात हमाम होते आणि बाहेर माणसे अन्नावाचून मरत होती, हे दोन्ही एकाच शहराच्या इतिहासात आहे. ते दोन्ही लक्षात ठेवूनच हे छत पाहायला हवे.

शहराच्या मध्यभागी जामा मशीद आहे. फारुकी राजा अली खानाने ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधली. मुख्य दालनावर घुमट नाही, समोर पंधरा कमानी आणि दोन उंच मिनार. तिच्या आतल्या भिंतीवर अरबीसोबत संस्कृत शिलालेख आहे. त्यात फारुकी राजांची वंशावळ आहे आणि काळ शके १५११ असा तिथी-नक्षत्रासह दिला आहे. मशिदीवरच अकबराच्या १६०१ च्या विजयाचा लेखही आहे. शिलालेख वाचता येत नसला तरी मशिदीच्या भिंतीवर कोरलेली देवनागरी अक्षरे जवळून पाहावीत. या शहरात कोण कोण एकत्र राहत होते याचा तो पुरावा आहे. तसेच पुरावे गावभर आहेत. बोहरी समाजाचा दर्गा-ए-हकीमी इथे आहे, कबीरपंथाचे जुने पीठ आहे. नांदेडच्या वाटेवर १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजी इथे थांबले होते, त्या आठवणीचा गुरुद्वारा आहे.

मराठ्यांच्या इतिहासात तर बऱ्हाणपूर पानोपानी येते. मिर्झाराजे जयसिंग पुरंदरच्या तहानंतर दोनच वर्षांनी, १६६७ मध्ये इथे वारले. १६८१ च्या जानेवारीअखेरीस संभाजी महाराजांच्या फौजेने, हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली, बहादूरपुरा हे श्रीमंत उपनगर लुटले. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब बऱ्हाणपुरात दाखल झाला. दख्खनच्या या दारातून तो आत आला तो उत्तरेत पुन्हा परतलाच नाही. हैदराबादचा पहिला निजाम, निजामुल्मुल्क, १७४८ मध्ये इथेच वारला. निजामावरच्या उदगीरच्या विजयानंतर १७६० मध्ये बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले. वीस किलोमीटरवरचा असीरगढ शिंद्यांचे किल्लेदार यशवंतराव लाडांनी एप्रिल १८१९ पर्यंत लढवला, दुसरे बाजीराव शरण गेल्याला तेव्हा दहा महिने झाले होते. अश्वत्थामा आजही या गडावर येऊन महादेवाला फूल वाहतो, अशी इथली श्रद्धा आहे.

१९५६ पर्यंत बऱ्हाणपूरची राजधानी नागपूर होती. राज्यांची पुनर्रचना झाली आणि गाव मध्य प्रदेशात राहिले. २००३ मध्ये बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. पण सीमा नकाशावर आहे, बाजारात नाही. शहापूर, इच्छापूर या भागांत मराठी घराघरात बोलली जाते. रावेर-मुक्ताईनगरशी रोटीबेटी व्यवहार आहे. केळीचा भाव, कापसाचा भाव दोन्हीकडे एकाच चिंतेने विचारला जातो. गल्ल्यांतून यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर चालू असतो. इथल्या तलम कापडाची कीर्ती मोठी होती, सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी तावर्निये याने इथला माल इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जातो असे नोंदवले आहे.

संध्याकाळी खाण्यासाठी वेळ राखून ठेवावा. मावा जिलबी इथली खासियत. माव्याच्या पिठाचा जाड वळसा तुपात सावकाश तळतात, गर्द तपकिरी झाला की पाकात सोडतात. बाहेरून किंचित चिवट, आत मऊ आणि रसाने भरलेली. एक पुरे होते. मांडे करणारे कारागीर मैद्याचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवतात आणि उलट्या कढईवर टाकतात. पाहता पाहता रुमालासारखा पातळ मांडा तयार. रवा, तूप, साखर घोटून केलेला दराबा बांधून घरी आणता येतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. भुसावळहून सकाळी निघाले तर एका दिवसात शहर होते, असीरगढासाठी दुसरा दिवस हवा.

मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत बऱ्हाणपूरच्या भंडाऱ्याचे नाव आले. याचा आनंद आहेच. पण भंडारा जिवंत राहण्यासाठी फलक आणि लिफ्ट पुरेशी नाही. चुन्याचे थर वाढत गेले की झऱ्यांची तोंडे बुजतात. आणि त्याहून मोठा प्रश्न वरच्या डोंगराचा आहे. झाडी तुटली, पाणी मुरेनासे झाले, आजूबाजूला बोअर खोल खोल गेले, की या बोगद्यात वाहायला काही उरत नाही.

कुंडी भंडाऱ्याचा खरा शहाणपणा इथे आहे. तो जमिनीकडून ओरबाडून घेऊ शकत नाही. डोंगरात जेवढे मुरेल तेवढेच बोगद्यात झिरपते आणि तेवढेच शहराला मिळते. बोअरला ही मर्यादा नाही, तो वर्षानुवर्षे साठलेले पाणीही उपसतो. केळी पिकवणाऱ्या तापीखोऱ्याला, रावेर-यावलला तसेच बऱ्हाणपूरला, हे दरवर्षी भोगावे लागते. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र सरकारांनी तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला. सातपुड्याच्या पायथ्याचा जो पाणी पिणारा पट्टा चारशे वर्षांपूर्वी ओळखला गेला, त्याच पट्ट्यात पुन्हा पाणी मुरवण्याचा हा विचार आहे. ही योजना राबवणाऱ्या अभियंत्यांनी, तिच्यावर मत देणाऱ्या लोकप्रतिनिधींनी आणि खानदेशातल्या प्रत्येक शाळेच्या सहलीने एकदा तरी त्या कुंडीत उतरावे. घेण्याआधी मुरवायचे, हा हिशेब तिथे चारशे वर्षे चुकलेला नाही, आणि तो आपल्यालाही चुकवून चालणार नाही.