गाडीची निगा – भाग १४ : अडकलेलं दार

मागच्या आठवड्यात बंपरच्या तुटक्या क्लिपा आणि हेडलाइटचे मोडलेले कान पाहिले. त्याच किरकोळ धडकेचा आणखी एक परिणाम आज घेऊ. गाडी सुरू होते, चालतेही. पण ड्रायव्हरचं दार उघडत नाही, किंवा वीतभर उघडून कर्रकन अडतं.

मग आतून खांदा मारला जातो नाहीतर बाहेरून हिसके दिले जातात. दोन्हींत जोर आहे, पण दार अडलंय कुठे हे कुणी पाहिलेलंच नसतं.

बहुतेक वेळा ते फेंडरला अडतं. फेंडर म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, आपलं मडगार्ड. त्याच्या मागच्या कडेत आणि दाराच्या पुढच्या कडेत जेमतेम चार-पाच मिलिमीटरची फट असते. दार उघडताना त्याची पुढची कड किंचित आत वळून फेंडरमागे जाते, त्यासाठीच ही फट. पुढच्या कोपऱ्यावर धक्का बसला की फेंडर मागे सरकतो आणि फट मिटते. अशा दाराला जोर लावला की पत्र्याची कड दुमडते, रंगाचे टवके उडतात. एका फेंडरवर निभावणारं काम मग दारापर्यंत जातं. तेव्हा दुसऱ्या दाराने उतरा आणि दोन्ही बाजूंच्या फटी शेजारून नीट न्याहाळा.

बहुतेक गाड्यांत फेंडर वेल्डिंगने नव्हे, बोल्टने बसवलेला असतो. बॉनेट उचललं की कडेची रांग दिसते. सहसा दहा नंबरचा पाना लागतो. गंमत अशी, की मागचा एक बोल्ट अनेकदा दाराच्या फटीत असतो आणि दार उघडल्याशिवाय हाती लागत नाही. म्हणून डेंटर आधी वरचे बोल्ट सैल करतो आणि चाकाच्या कमानीत हात घालून पत्रा पुढे ओढतो. दोन बोटांची फटसुद्धा लागत नाही, दार सुटतं. घरी करून पाहायचं असेल तर जाड हातमोजे हवेत, दुमडलेला पत्रा सुरीसारखा कापतो. सरकलेला फेंडर टायरला घासत नाही ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.

धक्का बाजूने, थेट दारावर बसला असेल तर प्रकरण लॉकचं. मधल्या खांबावर पोलादी कडी असते आणि दारातला आकडा तिला धरतो. दार दबलं की आकडा कडीवर ताणून बसतो. एकाने बाहेरून दार आत दाबावं आणि त्याच क्षणी दुसऱ्याने हँडल ओढावं. ताण उतरला तर आकडा सुटतो. हँडल नुसतंच सैल लटकत असेल तर आतली केबल किंवा सळई निसटली आहे, तिथे दाबून उपयोग नाही. मागचं दार फक्त आतून उघडत नसेल, तर आधी चाइल्ड लॉक बघा. यावर पैसे मोजून आलेले लोक आहेत.

ही पकड इतकी हट्टी असते, ती मुद्दामच. आपल्याकडच्या धडक-चाचण्यांत (समोरून एआयएस-०९८, बाजूने एआयएस-०९९) धडकेच्या वेळी दार उघडता कामा नये. समोरच्या चाचणीत तर, धडक संपल्यावर सीटच्या प्रत्येक रांगेचं किमान एक दार हत्याराशिवाय उघडलं पाहिजे. म्हणजे एक दार अडलं तरी शेजारचं उघडावं, ही अपेक्षा नियमातच आहे.

खरी काळजी खांबाची. दार उघडलं, पण बंद करताना उचलावं लागतं, किंवा मागच्या दाराशी रेघ जुळत नाही, तर बिजागरी किंवा खांब हललाय. नव्या गाड्यांत मधला खांब बहुधा खास कडक केलेल्या पोलादाचा असतो, तापवला की मऊ पडतो. ‘गॅस मारून सरळ करतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावं.

विम्याचा विचार काही उचकटण्याआधीच करा. फोटो काढा, कंपनीला कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत टॉमी लावू देऊ नका. मात्र दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये (त्यावर २०००) आपलेच जातात आणि दावा केला की नो-क्लेम बोनस शून्यावर येतो. पाच वर्षं सांभाळलेली ५० टक्के सूट नुसत्या फेंडरसाठी घालवणं मला तरी पटत नाही.

आणि दार उघडल्यावर ते पुन्हा लागतच नसेल, तर आपटू नका. दार उघडं असताना आकडा आतच मिटून बसलेला असू शकतो. हँडल ओढून धरा आणि आकडा बोटाने नव्हे, स्क्रू-ड्रायव्हरने मोकळा करा. तरीही अर्धवटच लागलं, डॅशबोर्डवरचा दाराचा दिवा विझत नसेल, तर दोरीने बांधून हायवेला लागू नका, टोइंग बोलवा.