मूत्रपिंडांचा विकार आणि वालाचें बिरडें



भातकापणी आटोपली कीं अलिबाग, पेण, रोह्याकडील शेतांत जमिनींत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. थंडींत ओल्या शेंगांची पोपटी लागते, आणि पुढें वर्षभर कोरड्या वालांचें बिरडें घरोघर शिजतें. अशा घरांतील एखाद्या वडील माणसाचीं मूत्रपिंडें दुर्बल झाल्याचें निदान होतांच पहिली बंदी कडधान्यांवर येते. ही सरसकट बंदी योग्य आहे काय, याचा आज विचार करूं.

मूत्रपिंडांचें काम रक्त गाळण्याचें. तें मंदावलें म्हणजे प्रथिनांपासून निघणारा युरिया, तसेंच पोटॅशियम व फॉस्फरस हीं द्रव्यें रक्तांत सांचूं लागतात. पोटॅशियम फार वाढल्यास हृदयाचे ठोके बिघडून प्राणावर बेततें. तेव्हां भीति निराधार नाहीं. १०० ग्रॅम कोरड्या वालांत २० ते २५ ग्रॅम प्रथिनें आणि एक ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतें. परंतु एवढे वाल एका बैठकीस कोण खातो? सुमारे ३० ग्रॅम वालांच्या बिरड्यांतून सहा-सात ग्रॅम प्रथिनें मिळतात. डायलिसिस चालू नसलेल्या प्रौढ रुग्णास २०२४ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनांत वजनाच्या दर किलोमागें दिवसास ०.८ ग्रॅम प्रथिनें सुचविलीं आहेत. म्हणजे ६० किलोच्या माणसास ४८ ग्रॅम. त्यांत वाटीभर बिरडें बसतें. मात्र त्या दिवशीं मासळीचा वांटा तितका कमी करावा. उलट सगळेंच तोडलें, तर अन्नावरची वासना उडून रुग्ण खंगतो.

वालांतील बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपांत बांधलेला असल्यामुळें मांसांतील फॉस्फरसापेक्षां कमी शोषला जातो. तयार, टिकाऊ पदार्थांत मिसळलेलीं फॉस्फेटें मात्र फार मोठ्या प्रमाणांत शोषलीं जातात. तीं टाळणें अधिक महत्त्वाचें.

पोटॅशियम पाण्यांत विरघळतें, आणि येथेंच स्वयंपाकघराची मदत होते. भिजवून, मोड आणून सोललेले वाल भरपूर पाण्यांत उकडावे, तें पाणी ओतून द्यावें, मग फोडणीस घालावे. त्या पाण्याचें कढण करूं नये. जें काढलें तेंच पुन्हां पोटांत जाईल. पोपटीची गोष्ट निराळी. भांबुर्ड्याच्या पाल्यानें भरलेल्या मडक्यांत शेंगा पाण्यावांचून शिजतात; पोटॅशियम आंतच राहतें, वर मीठहि असतें. ज्याच्या रक्तांत पोटॅशियम वाढलें आहे त्यानें तिचा मोह आवरावा. ‘कमी सोडियमचें’ म्हणून मिळणाऱ्या मिठांत बहुधा पोटॅशियमच घातलेलें असतें. तेंहि अशा रुग्णानें वापरूं नये.

डायलिसिस सुरू झालें म्हणजे प्रथिनांची गरज उलट वाढते. पोटॅशियमवर मात्र लक्ष ठेवावेंच लागतें. म्हणून एकाचें पथ्य दुसऱ्यास लावूं नये. पुढील खेपेस डॉक्टरांकडे जातांना ‘वाल चालतील काय?’ एवढ्यावर न थांबतां रक्तांतील पोटॅशियमचा आंकडा विचारावा, आणि आपल्या घरीं बिरडें कोणत्या रीतीनें करतात तेंहि सांगावें. उत्तर नेमकें मिळेल, आणि कित्येक घरांत वडिलांच्या पानावरून उठलेली वाटी पुन्हां मांडतां येईल.