कागदाची वाट

जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारनं कार्यालयांसाठी शंभर दिवसांचा कार्यक्रम काढला. संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण, कामाच्या जागी सोयी वगैरे सात मुद्दे होते आणि शेवटी भारतीय गुणवत्ता परिषदेकडून तपासणी. त्याच दिवसांत एका तहसील कार्यालयातल्या तरुण महसूल सहायकाचा मला फोन आला. "सर, सहा गठ्ठे लावायला सांगितलेत. कपाटं रिकामी केली, नवीन फडकी आणली. पण कोणत्या गठ्ठ्यात काय घालायचं, हे नीट कुणालाच सांगता येत नाही."

मी 1986 मध्ये लिपिक म्हणून महसूल खात्यात लागलो आणि 2022 मध्ये नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. या छत्तीस वर्षांत कार्यालय सुधारण्याच्या कितीतरी मोहिमा पाहिल्या. काहींनी खरोखर फरक पडला, काही भिंतीला रंग देऊन संपल्या. त्या मुलाला फोनवर पुरं उत्तर देता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

मी लागलो तेव्हा आमच्याकडे 'लखिना पॅटर्न' हा शब्द नवा होता. अनिलकुमार लखिना हे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी. त्यांनी आपल्या कार्यालयाची घडी नव्यानं बसवली आणि तिची ख्याती राज्यभर गेली. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटायचं, काहीतरी मोठा शोध असणार. पण कागदांचं अ, ब, क, ड वर्गीकरण खात्यात आधीपासूनच होतं. 'अ' वर्गाचा कागद कायम ठेवायचा, 'ब' तीस वर्षं, 'ड' एक वर्षानं नष्ट करायचा. नियम पुस्तकात होते, फक्त ते कुणी पाळत नव्हतं. लखिनांनी ते पाळता येतील अशी रचना केली. काम कुणाचं हे लेखी ठरवलं, बसण्याची मांडणी बदलली, आलेल्या माणसाला विचारपूस करायला ठरलेली जागा दिली आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हातातला कागद सहा गठ्ठ्यांत विभागला.

आमच्या कार्यालयात ही पद्धत आली तेव्हा आधी आठवडाभर नुसती आवराआवर झाली. कपाटांवर छतापर्यंत रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागद, रचलेले होते. एकेक सोडून पाहिला तर बहुतेक कागद 'ड' वर्गातले, म्हणजे कधीच नष्ट व्हायला हवे होते असे. जुनी स्मरणपत्रं, झालेल्या दौऱ्यांचे कार्यक्रम, सभेच्या सूचना. त्यांच्यामध्ये जमिनीचे मोलाचे कागद दडपून बसलेले. "सापडत नाही, नंतर या" हे उत्तर आम्ही वर्षानुवर्षं लोकांना देत होतो, ते त्या गर्दीमुळे. कागद हरवलेले नव्हते, नको त्या कागदांखाली गाडले गेले होते.

ते सहा गठ्ठे असे. पहिला, ज्यावर मला काम करायचं आहे अशा प्रकरणांचा. दुसरा प्रतीक्षाधीन, म्हणजे दुसऱ्या कुणाकडून तरी उत्तर यायचं आहे अशांचा. तिसरा नियतकालिक अहवालांचा, चौथा स्थायी आदेशांचा, पाचवा अभिलेख कक्षात पाठवायच्या प्रकरणांचा आणि सहावा नष्ट करायच्या 'ड' कागदांचा.

यातला दुसरा आणि चौथा हे माझ्या मते या पद्धतीचं काळीज आहेत.

दुसरा का, ते सांगतो. पूर्वी अर्जदार आला की "वर पाठवलंय" एवढं म्हटलं की काम भागायचं. प्रतीक्षाधीन गठ्ठा आला आणि लिहावं लागू लागलं, कुणाकडे पाठवलं, कधी पाठवलं, पहिलं स्मरणपत्र कधी गेलं. दर सोमवारी कोणत्या गठ्ठ्यात किती प्रकरणं आहेत याचा गोषवारा काढताना तो आकडा साहेबांपुढे यायचा. पहिल्या महिन्यात माझ्या टेबलाचा दुसरा गठ्ठा पहिल्याहून जाड निघाला. म्हणजे माझ्याकडे अडलेलं थोडंच होतं, माझ्याकडून गेलेलं आणि परत न आलेलं फार. कुणाला दटावून हे कळलं नसतं. गठ्ठे वेगळे केले म्हणून कळलं. साहेबांनी मग भूमी अभिलेखच्या कार्यालयात स्वतः जाऊन अर्धा दिवस बसून आमची मोजणीची प्रकरणं मार्गी लावली.

चौथ्या गठ्ठ्याची गोष्ट निराळी. आमच्याकडे एक जुने अव्वल कारकून होते. कोणत्या प्रकरणाला कोणतं परिपत्रक लागतं, ते त्यांच्या एका वहीत होतं आणि वही त्यांच्या घरी. ते रजेवर गेले की अख्खी शाखा थांबायची. त्यांना ही वही उतरवून द्या म्हणून सांगणं सोपं नव्हतं, कारण त्या वहीमुळे त्यांना मान होता. शेवटी तहसीलदारांनी त्यांच्याच हाताखाली दोन लिपिक दिले आणि स्थायी आदेशांची संचिका त्यांच्याच अक्षरात तयार करवून घेतली. पहिल्या पानावर त्यांचं नाव घातलं. संचिका झाली, मानही राहिला. संस्थेत बदल करताना कुणाचं काय जातं याचा विचार आधी करावा लागतो, हे मी तिथे शिकलो. ज्यांनी तो केला नाही त्या अधिकाऱ्यांच्या चांगल्या योजनाही टेबलाखाली गेलेल्या मी पाहिल्या.

बसण्याच्या मांडणीबद्दल थोडं. अर्ज आवक शाखेत येतो, बारनिशीत नोंद होते, मग लिपिक, अव्वल कारकून, नायब तहसीलदार, तहसीलदार, आणि त्याच वाटेनं परत. आमची टेबलं या क्रमानं नव्हती, ज्येष्ठतेनं होती. खिडकी ज्येष्ठाला, कोपरा नव्याला. कागद खोलीभर नागमोडी फिरायचा आणि शिपाई दुसऱ्या कामाला गेला की जिथल्या तिथे पडून राहायचा. टेबलं कागदाच्या वाटेवर ओळीनं लावली, त्याला एक दुपार लागली. भांडणं मात्र महिनाभर चालली.

आणखी एक अडसर कोणत्याच नियमात नव्हता. टिपणीवर साहेब 'चर्चा करावी' असा शेरा मारायचे. फाइल खाली यायची. लिपिकाला वाटायचं साहेब बोलावतील, साहेबांना वाटायचं लिपिक येईल. अशा फाइली महिनोन्‌महिने पडून असत. नंतर आलेल्या एका तहसीलदार बाईंनी दर मंगळवारी चार वाजता फक्त अशा फाइली घेऊन सगळ्यांना समोर बसवायला सुरुवात केली. तासाभरात ढीग संपायचा. पुढे पुढे तो शेराच कमी झाला, कारण मंगळवारी आपल्यालाच उत्तर द्यायचं आहे हे शेरा मारणाऱ्यालाही माहीत असायचं.

मग कायद्यांचा काळ आला. राज्याचा माहिती अधिकार कायदा 2002 चा, केंद्राचा 2005 चा. लोक टिपणीची प्रत मागू लागले आणि टिपण्या सुधारल्या. बदल्यांचं विनियमन आणि विलंबाला प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा 2005 चा, तो 1 जुलै 2006 पासून लागू झाला. एका माणसाकडे फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात आहे. कायदा चांगला आहे. पण काही टेबलांवर सहाव्या दिवशी त्रुटी काढण्याची सवय लागली. आज फोटो नाही, पुढच्या आठवड्यात रेशनकार्डाची प्रत नाही, त्यानंतर प्रतिज्ञापत्र जुनं. प्रत्येक वेळी दिवस नव्यानं मोजायचे. म्हातारी माणसं एकेका कागदासाठी एसटीनं चकरा मारायची. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि आजही आठवलं की जीव तुटतो. मी अव्वल कारकून झालो तेव्हा एकच केलं: सगळ्या त्रुटी पहिल्याच दिवशी, एकाच छापील चिठ्ठीवर, खाली सही. दुसरी चिठ्ठी काढायची असेल तर माझ्यापाशी येऊन कारण सांगायचं. चकरा त्यामुळेच कमी झाल्या.

2012 च्या 21 जूनला मंत्रालयाला आग लागली. माणसं दगावली, मजलेच्या मजले आणि फाइली जळाल्या. त्यानंतर कागद संगणकावर नेण्याला वेग आला. 2015 मध्ये लोकसेवा हक्क कायदा झाला. ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही तर जबाबदार अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. मला वाटतं, माझ्या सबंध नोकरीत सामान्य शेतकऱ्याचं ओझं एका झटक्यात सर्वात जास्त हलकं केलं ते या सातबाऱ्यानं, कारण त्यानं मधली माणसंच वगळली. जिथे मधली माणसं तशीच ठेवून फक्त कागदाऐवजी पडदा आणला, तिथे रांग खिडकीवरून लॉगिनमध्ये गेली, एवढंच. "सर्व्हर डाऊन आहे" हे "साहेब दौऱ्यावर आहेत" याच्या जागी आलं.

मांडणीनं सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. एका तलाठ्याकडे तीन सजे, म्हणजे तीन तलाठ्यांचं काम, असेल तर कितीही गठ्ठे लावा, फेरफार रखडणारच. तिथे माणूसच भरावा लागतो, आणि ते न करता मोहिमा काढल्या तर असलेली माणसं खचतात.

2017 मध्ये पुणे विभागाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी' ही मोहीम पाचही जिल्ह्यांत राबवली. पुन्हा सहा गठ्ठे, पुन्हा वर्गीकरण, आणि आलेल्या कागदाचा निपटारा रोजच्या रोज. त्या वेळी मी नोकरीच्या सुरुवातीच्याच कार्यालयात परतलो होतो. अभिलेख कक्षात वरच्या फळीवरून एक रुमाल काढला. चिठ्ठीवर माझंच अक्षर: 'ड, नाश करावयाचे, 1987'. तीस वर्षं तो तिथेच होता. नाश करण्याच्या यादीवर सही व्हायची राहिली, ते साहेब बदलून गेले आणि नव्या साहेबांना सोमवारचा गोषवारा नको होता. गोषवारा थांबला की दोन वर्षांत सगळे गठ्ठे परत एक होतात, हे मला तोवर कुणी सांगायची गरज नव्हती, पण तो रुमाल हातात घेऊन मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

त्या मुलाला मी फोनवर एवढंच सांगितलं होतं: फडकी राहू दे. एक उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज घे आणि आठवडाभर त्याच्यामागे चाल. कुठे थांबतो, कोण त्यावर काय लिहितं, वहीत टिप.

दहा दिवसांनी त्याचा फोन आला. "सर, एकाच अर्जाची नोंद आम्ही तीन रजिस्टरांत करतो. तिसरं कशासाठी आहे, ते कुणालाच आठवत नाही. मॅडमना दाखवलं, त्या म्हणाल्या, सोमवारपासून बंद."

"आणि गोषवारा?" मी विचारलं.

"तोही सोमवारीच आहे, सर. पहिला माझाच."