ठाण्यात ‘मॅडम’ का हव्यात?

श्रीमती किरण बेदी १९७२ साली भारतीय पोलीस सेवेत दाखल झाल्या. त्या सेवेतील त्या पहिल्या महिला होत. त्या कारागृह महानिरीक्षक असताना १९९४ मध्ये तिहार तुरुंगात हजाराहून अधिक कैद्यांचे विपश्यना शिबिर झाले, हे आमच्या वाचकांना ठाऊक असेलच. पुढे मीरा बोरवणकर मुंबई गुन्हे शाखेच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या. मात्र महाराष्ट्राला पहिल्या महिला पोलीस महासंचालक, रश्मी शुक्ला, लाभावयास २०२४ साल उजाडले!

या भगिनींचे सत्कार व्हावेतच. परंतु महिला अधिकारी कशासाठी हव्यात, हे ठाण्याच्या बाकावर बसल्याशिवाय कळत नाही. एका मुलीसोबत आम्ही असे बसलो आहोत. सकाळी दहाला गेलो, फिर्याद सायंकाळी लिहिली गेली; कारण ‘मॅडम बंदोबस्ताला गेल्यात’. आई सोबत होती म्हणून मुलगी थांबली, एकटी असती तर उठून गेली असती.

वास्तविक, बलात्कार, विनयभंग अशा गुन्ह्यांत पीडित स्त्रीची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवावी, अशी तरतूद २०१३ च्या दुरुस्तीने झाली. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम आहेत. पण ठाण्यात महिला अधिकारीच नसेल, तर कायदा कागदावरच राहावयाचा.

आणखी एक बाब आम्हांस महत्त्वाची वाटते. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्ह्याचा तपास, १९९५ च्या नियमांनुसार, उपअधीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. म्हणजे फिर्याद महिला उपनिरीक्षकाने लिहून घेतली, तरी साक्षीपुरावा गोळा करण्याची जबाबदारी वरच्या अधिकाऱ्याची. अत्याचारग्रस्त स्त्रीसमोर त्या वेळी महिला अधिकारी बसलेली असावी, तर महिला शिपायांची भरती पुरेशी नाही. उपअधीक्षकाच्या खुर्चीपर्यंत मुली पोहोचावयास हव्यात.

विद्यार्थिनींनो, ही खुर्ची वाटते तितकी दूर नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेतून थेट पोलीस उपअधीक्षक होता येते. पदवी कोणत्याही शाखेची चालते. १९९४ च्या महिला धोरणामुळे राज्याच्या नोकऱ्यांत महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव झाल्या, त्यांचाही लाभ घ्यावा. उंचीची अट मात्र जाहिरातीत आधीच पाहून घ्यावी. अभ्यासात वर्षे घालविल्यावर ती वाचणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत.